न्यूटाउन : लोकर, टपाल आणि सहकाराचं गाव



गटाच्या बैठकीत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "ताई, माल चांगला होतो हो आमचा, पण विकायचा कुठं?" आज या एका प्रश्नावर उभं राहिलेलं, त्याच प्रश्नावर आपटलेलं आणि पुन्हा उठलेलं एक गाव तुम्हाला सांगणार आहे. गाव आपल्याकडचं नाही. ते आहे वेल्समध्ये. ज्या बेटावर लंडन आहे त्याच बेटाच्या पश्चिमेला वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. पाऊस भरपूर, थंडी भरपूर, शेतीला सपाट जमीन थोडी आणि मेंढ्या मात्र जिकडे तिकडे. तिथल्या लोकांची स्वतःची वेल्श भाषा आहे, ती इंग्रजीपेक्षा अगदी वेगळी.

गावाचं नाव न्यूटाउन. वेल्श भाषेत द्रेनेविद. दोन्हीचा अर्थ एकच, नवं गाव. आता या "नव्या" गावाला साडेसातशे वर्षं होत आली! १२७९ साली इंग्लंडच्या राजाने इथे आठवडी बाजार भरवायची सनद दिली. म्हणजे गाव वसलं तेच मुळी बाजारासाठी. शेजारून सेव्हर्न नदी वाहते. ब्रिटनमधली ही सगळ्यात लांब नदी, साधारण ३५४ किलोमीटर. डोंगरातून उतरून ती या गावाजवळ मोठं वळण घेते आणि त्या वळणाच्या कुशीत गाव बसलंय.

नदी होती, मेंढ्या होत्या, म्हणून लोकरीचं कापड होणार हे ठरलेलंच. सुरुवातीला कारखाना वगैरे काही नव्हतं. डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरात हे काम चालायचं. बाया आणि पोरं लोकर पिंजायची, चरख्यावर सूत कातायची, आणि घरातला किंवा शेजारचा कुणी मागावर कापड विणायचा. मग ते नदीकाठच्या पाणचक्कीवर न्यायचं. तिथे पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे ओलं कापड कुटायचे, त्याने वीण घट्ट व्हायची. नंतर उघड्यावर लाकडी चौकटींना ताणून वाळवायचं.

हे कापड विकायचं कोण? इंग्लंडमधल्या श्रूसबरी गावचे कापडव्यापारी. वेल्समधल्या कापडाचा व्यापार पिढ्यान् पिढ्या त्यांच्या मुठीत होता. विणणाऱ्याने ताका घेऊन जायचं, ते म्हणतील तो भाव घ्यायचा आणि परत यायचं. पुढे माल कुठे जातो ते विणणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. आणि तो कुठे जात होता ते ऐका. मध्य वेल्समधल्या घराघरांत विणलेलं जाडंभरडं पांढरं कापड जहाजाने अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर जायचं. तिथल्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या आफ्रिकन माणसांना घालायला ते दिलं जायचं. इकडे एक गरीब बाई कंदिलाच्या उजेडात सूत काततेय आणि तिकडे त्या सुताचं कापड एका गुलाम बाईच्या अंगावर. दोघींची कधी गाठ नाही. बाजार लांब गेला आणि मधली माणसं वाढली, की असं होतं.

पुढे न्यूटाउन फ्लॅनेलकडे वळलं. फ्लॅनेल म्हणजे मऊ, हलकं लोकरी कापड. आतले कपडे, सदरे, लहान बाळांचे कपडे यांसाठी थंड देशात त्याला मोठी मागणी. १८०० च्या पुढे यंत्रावर लोकर पिंजणं आणि सूत कातणं सुरू झालं. बायांच्या हातचा चरखा बंद पडला तो तेव्हापासून. विणणं मात्र हातमागावरच राहिलं, आणि तेही आता डोंगरातून उतरून गावात आलं. १८२१ पर्यंत मालवाहतुकीचा कालवा न्यूटाउनला पोचला. काही दशकांत गावाची वस्ती कित्येक पटींनी वाढली. लोक त्याला "वेल्सचं लीड्स" म्हणू लागले. लीड्स हे इंग्लंडमधलं लोकरीचं मोठं शहर. आपल्याकडे इचलकरंजीला "महाराष्ट्राचं मँचेस्टर" म्हणतात ना, तसंच.

त्या वेळच्या विणकरांची घरं अजून उभी आहेत. एका इमारतीत आता कापडाचं संग्रहालय आहे. तिची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. खाली पाठीला पाठ लावून बांधलेल्या इवल्याशा खोल्या, एकेका खोल्यांत एकेक कुटुंब. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा लांब हॉल. तिथे ओळीने माग. खिडक्या मोठमोठ्या, कारण उजेड गेला की काम थांबलं. जरा विचार करा, उजेड आणि जागा मागांना, माणसांना अंधाऱ्या खोल्या. मागाचा खडखडाट पहाटेपासून डोक्यावर.

१८३२ साली गावात फ्लॅनेलच्या व्यवहारासाठी स्वतंत्र बाजारगृह बांधलं. तोवर फ्लॅनेलचा बाजार बावीसेक किलोमीटरवरच्या वेल्शपूलला भरायचा. बाजार दारात आला, पण विणकराच्या ताटात फार फरक पडला नाही. कारण माग, सूत आणि खोली यांचे मालक दुसरेच. शिवाय काही मालकांची स्वतःची दुकानं असायची. मजुरीच्या बदल्यात त्या दुकानातलं पीठ, चहा, साखर घ्यायची. भाव मालकाचा, माप मालकाचं. पैसे हातात येण्याआधीच खात्यावर उधारी चढलेली. उसतोडीच्या उचलीचा हिशेब ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. १८३१ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला, की मजुरी रोख द्या, मालात देऊ नका. कायदा कागदावर आला तरी पद्धत लगेच संपली नाही.

लोक चिडले होते. सामान्य माणसाला मताचा अधिकार मिळावा म्हणून तेव्हा देशभर चार्टिस्ट चळवळ सुरू झाली होती. वेल्समधली तिची पहिली मोठी सभा ऑक्टोबर १८३८ मध्ये न्यूटाउनलाच भरली. पुढच्या वर्षी शेजारच्या लानिडलोस गावात, तेही फ्लॅनेल विणणारंच, दंगल झाली. लष्कर आलं, धरपकड झाली. काहींना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं.

आता मुख्य माणसाकडे येते. बी.ए.च्या पुस्तकात याचं नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, रॉबर्ट ओवेन. गटाच्या कामाला लागल्यावर त्याचा अर्थ लागला. १४ मे १७७१ ला न्यूटाउनमध्ये त्याचा जन्म झाला. वडील घोड्यांची खोगिरं करायचे, लोखंडी सामान विकायचे. दहाव्या वर्षी पोरगा घर सोडून गेला, कापडाच्या दुकानात उमेदवारी केली, मँचेस्टरला सूतगिरणी चालवली आणि तिशीच्या आत स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथल्या मोठ्या गिरणीचा व्यवस्थापक आणि भागीदार झाला. तिथे त्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं थांबवलं. कामगारांच्या चिमुरड्यांसाठी १८१६ साली शाळा काढली. चालायला लागलेलं मूलसुद्धा तिथे यायचं, म्हणजे आपली अंगणवाडीच म्हणा.

आणि त्याने दुकान काढलं. वर सांगितलं तसलं मालकाचं दुकान तिथेही होतं, पण याने ते उलटं फिरवलं. माल घाऊक आणायचा, चांगल्या प्रतीचा आणायचा, खरेदीच्या भावावर थोडंसंच वाढवून विकायचा आणि जो नफा उरेल तो शाळेला द्यायचा. दुकान तेच, त्यामागचा हेतू बदलला.

ओवेनचं सगळंच जमलं असं मात्र नाही. १८२५ मध्ये त्याने अमेरिकेत "न्यू हार्मनी" नावाची वसाहत घेतली. सगळ्यांनी मिळून राहायचं, मिळून कमवायचं. दोन-तीन वर्षांत भांडणं होऊन ती मोडली. १८३२ मध्ये लंडनला त्याने आणखी एक प्रयोग केला. कारागिराने वस्तू आणायची, ती करायला किती तास लागले ते मोजायचं, तितक्या तासांची चिठ्ठी घ्यायची आणि त्या चिठ्ठीवर दुसऱ्याची वस्तू न्यायची. ऐकायला किती छान! पण ज्या वस्तू कुणाला नको होत्या त्यांचे ढीग साचले, हव्या त्या झटपट संपल्या आणि १८३४ मध्ये ते बंद पडलं. मेहनत किती केली याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नसतं, त्याला गरज काय आहे हे तो बघतो. शिवणकामाच्या प्रशिक्षणानंतर एकाच नमुन्याच्या पन्नास पिशव्या शिवून कपाटात ठेवलेले गट मी पाहिलेत, म्हणून हे जरा थांबून सांगितलं.

ओवेनचा विचार ज्यांनी नीट चालवला ते होते साधे विणकर आणि कारागीर, इंग्लंडमधल्या रॉचडेल गावचे. गंमत बघा, रॉचडेल म्हणजे फ्लॅनेलच्या धंद्यात न्यूटाउनचा सगळ्यात मोठा स्पर्धक. तिथे २८ जणांनी एकेक पाउंड जमवला. दोन-दोन पेनी बाजूला टाकून तो जमला, आपल्या बचतीसारखाच. २१ डिसेंबर १८४४ ला संध्याकाळी त्यांनी दुकान उघडलं. दुकानात काय होतं? पीठ, ओटाचं पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या. बस्स. पण नियम पक्के होते. भेसळ नाही, वजनात मारामारी नाही, उधारी नाही. भांडवल कितीही असो, एका सभासदाला एकच मत. आणि नफा वाटायचा तो ज्याने दुकानातून जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. बायकांनाही स्वतःच्या नावाने सभासद होता येत होतं, आणि हे त्या काळात, जेव्हा इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची कमाईसुद्धा नवऱ्याची धरली जायची.

आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पुढे सोसायट्या आल्या, दूध संघ आले, प्रवरानगरचा साखर कारखाना आला. त्या सगळ्यांच्या नियमांत "एक सभासद, एक मत" हे आलं ते या रॉचडेलच्या वाटेने. आपल्या गटात अध्यक्षबाईंचं आणि सगळ्यात गरीब सभासदाचं मत सारखंच मोजतात, त्याचा धागा तिथपर्यंत जातो.

ओवेन म्हातारपणी आपल्या गावी परत आला आणि १७ नोव्हेंबर १८५८ ला तिथेच वारला. नदीकाठच्या जुन्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. १९०२ साली सहकारी चळवळीने तिच्याभोवती सुंदर लोखंडी कठडा बसवला.

पण त्याच्या जन्मगावातल्या विणकरांचं नशीब पालटलं नाही. रॉचडेलच्या आसपास कोळसा होता, तिथले माग वाफेवर चालू लागले. न्यूटाउनला कोळसा लांबून आणावा लागे. हातमागावरचा विणकर यंत्रमागाशी किती टक्कर देणार? त्यात रॉचडेलचे गिरणीवाले आपल्या फ्लॅनेललाही "वेल्श फ्लॅनेल" म्हणून विकू लागले. नाव यांचं, माल त्यांचा. न्यूटाउनमध्येही वाफेवरची मोठी गिरणी उभी राहिली, पण १९१२ मध्ये ती आगीत जळाली ती पुन्हा सुरू झाली नाही.

विणकरी अशी खाली जात असतानाच गावात एक भलताच माणूस उभा राहिला. प्राइस जोन्स, जन्म १८३४, जवळच्याच वस्तीतला. लहानपणी कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि पुढे तेच दुकान त्याने चालवायला घेतलं. याने काही विणलं नाही. याने फक्त एवढं हेरलं, की डोंगरातल्या शेतकऱ्याच्या बायकोला बाजाराला येणं जमत नाही. रस्ते वाईट, अंतर लांब, घरचं काम संपत नाही. पण पोस्टमन तिच्या दारी जातो. १८४० पासून एका पेनीत देशभर पत्र जात होतं आणि नुकतीच रेल्वेही गावात आली होती. मग १८६१ च्या सुमारास त्याने कापडाचे छोटे नमुने आणि भावाची छापील यादी टपालाने पाठवायला सुरुवात केली. आवडलं तर पत्र लिहा, माल रेल्वेने आणि टपालाने घरी येईल. आज आपण मोबाइलवर साडी बघतो आणि घरपोच मागवतो, त्याची सुरुवात म्हणून या दुकानाचं नाव घेतात.

धंदा असा वाढला की १८८० पर्यंत त्याची लाखावर गिऱ्हाइकं झाली. राणी व्हिक्टोरिया त्याच्याकडून फ्लॅनेल मागवायची. नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलही त्याच्या गिऱ्हाईक. १८७९ मध्ये त्याने रेल्वे स्टेशनसमोर लाल विटांची भलीमोठी वखार बांधली, म्हणजे माल खाली उतरवला की थेट गाडीत. १८८३ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने पार्सलसेवा सुरू केली, तेव्हा तर त्याचं काम आणखी सोपं झालं. राणीने १८८७ मध्ये त्याला "सर" केलं.

याचीच आणखी एक करामत. अंथरूण, पांघरूण आणि उशी एकत्र असलेली लोकरीची वळकटी त्याने काढली आणि १८७६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आज गिर्यारोहक ज्यात शिरून झोपतात तिची ही आजी. रशियाच्या लष्कराने ६०,००० वळकट्यांची मागणी नोंदवली. माल जात असतानाच युद्धाचा रंग बदलला आणि उरलेल्या हजारो वळकट्या त्याच्या गळ्यात पडल्या. दुसरा कुणी असता तर बसला असता डोक्याला हात लावून. याने त्या आपल्या यादीत घातल्या आणि इतरांना विकल्या. त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे पत्ते होते ना! मला विचाराल तर त्या लाल इमारतीपेक्षा ती पत्त्यांची वही जास्त मोलाची.

पण वही किती पिढ्या पुरणार? मोठ्या शहरांतल्या दुकानांनीही टपालाचा धंदा सुरू केला. १९२० मध्ये प्राइस जोन्स वारला, नंतर मंदीचे दिवस आले आणि १९३८ मध्ये लिव्हरपूलच्या एका मोठ्या कंपनीने ते दुकान घेतलं.

मधल्या काळात मध्य वेल्स रिकामं होत चाललं. शिकलेली पोरं इंग्लंडला जायची, ती परत येत नसत. त्यात डिसेंबर १९६० आणि डिसेंबर १९६४ असे दोन मोठे पूर आले, अर्धं गाव पाण्यात. त्यानंतर नदीचं पात्र रुंद-सरळ केलं, बांध घातले. १९६७ मध्ये सरकारने ठरवलं, की एवढ्या मोठ्या डोंगरी भागात एखादं तरी गाव वाढवायचं, म्हणजे पोरांना जवळच काम मिळेल. न्यूटाउनची निवड झाली. कारखान्यांचे गाळे आधी बांधून ठेवले, घरं बांधली. साधारण साडेपाच हजारांचं गाव पुढे अकरा हजारांवर गेलं. १९७३ मध्ये इथेच सुरू झालेली, विजेच्या मोटरींचा वेग नियंत्रित करणारी उपकरणं बनवणारी एक कंपनी आज जपानी मालकांच्या हातात आहे, पण काम न्यूटाउनमध्ये चालू आहे.

आणि कापड? ते परत आलं, एका बाईमुळे. लॉरा अ‍ॅशली ही वेल्समध्ये जन्मलेली. लंडनमध्ये तिने खेड्यातल्या बायकांच्या संस्थेने भरवलेलं हस्तकलेचं प्रदर्शन पाहिलं. त्यातली गोधडीकामाची वीण आणि नक्षी तिच्या मनात बसली. तसलं बारीक फुलांचं कापड कुठे मिळेना, म्हणून १९५३ मध्ये तिने आणि नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापड छापायला सुरुवात केली. डोक्याचे रुमाल, ताट पुसायची फडकी. दहाएक वर्षांत ते वेल्सला, न्यूटाउनच्या पलीकडच्या कार्नो खेड्यात आले. तिथल्या बाया शिवणकामाला लागल्या. पुढे न्यूटाउनमध्येही कंपनीचे मोठे कारखाने झाले. जगभर शेकडो दुकानं निघाली. लॉरा १९८५ मध्ये वारली, त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात गेली. मग हळूहळू शिवण स्वस्त मजुरीच्या देशांत गेली, कार्नोचा कारखाना बंद झाला आणि मार्च २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. न्यूटाउनचं उरलेलं कामही थांबलं. नाव मात्र दुसऱ्यांनी विकत घेतलं. आजही "लॉरा अ‍ॅशली" नावाचे पडदे आणि चादरी इंग्लंडच्या दुकानांत मिळतात. न्यूटाउनच्या शिवणकाम करणाऱ्या बायांचा त्यात वाटा नाही.

रॉचडेलच्या "वेल्श" फ्लॅनेलनंतर हे दुसऱ्यांदा झालं. नाव ही सुद्धा मालमत्ता आहे आणि ती कुणाच्या नावावर नोंदली आहे हे बघावं लागतं. आपल्या चटणी-मसाल्याच्या पाकिटावरचं नाव गटाचं, की पाकिटं भरून नेणाऱ्या व्यापाऱ्याचं, हा प्रश्न पुढच्या बैठकीत तुम्हीच काढा. मी वहीत नोंदवून घेईन.

आज न्यूटाउनमध्ये थोडे कारखाने, बरीच दुकानं, शाळा-दवाखान्यातल्या नोकऱ्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा व्यवहार, यावर गाव चालतं. गावात गाड्यांची कोंडी फार व्हायची, २०१९ मध्ये बाहेरून वळणरस्ता झाला. नदीकाठची बरीचशी मोकळी जमीन पालिकेकडून गावकऱ्यांनीच चालवलेल्या संस्थेकडे सांभाळायला आली आहे. तिथे चालायचे रस्ते आहेत, मुलांना खेळायला जागा आहे. स्टेशनसमोर प्राइस जोन्सची लाल वखार उभी आहे. आणि नदीपलीकडच्या त्या जुन्या विणकरघरात वरच्या मजल्यावर अजूनही हातमाग मांडलेले आहेत, मोठ्या खिडक्यांपाशी, उजेडात.

आजच्यापुरतं इतकंच. नमस्कार.